पान बदलले तरी नोंद राहावी

ब्राउझरमधला नेटवर्क लॉग ही संकेतस्थळाची आवक-जावक वही असते. पान उघडताना ब्राउझरने सर्व्हरकडे काय काय मागितले, तिकडून काय आले, कोणत्या क्रमांकाचा शेरा घेऊन आले आणि त्याला किती वेळ लागला, हे सारे तिच्यात ओळीने उतरत जाते. तहसील कचेरीतल्या आवक-जावक वहीत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे. कचेरीतली वही वर्षभर चालते. ही दर पानाला कोरी होते. एका पानावरून दुसऱ्यावर गेले की आधीच्या साऱ्या ओळी पुसल्या जातात आणि नव्या पानाची पहिली ओळ माथ्यावर येऊन बसते.

असे ठेवण्यामागे विचार आहे. लॉग उघडणाऱ्यांपैकी बहुतेकांना समोरचे पान हळू का उघडते, कोणते छायाचित्र जड आहे, कोणती फाइल सापडत नाही एवढेच पाहायचे असते. त्या कामात मागच्या पानाच्या ओळींची अडचणच होते. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्यांत चिवट तक्रारी एका पानाच्या आत घडत नाहीत, त्या दोन पानांमधल्या उंबरठ्यावर घडतात. लॉगिन केले आणि पुन्हा लॉगिनचेच पान आले. अर्ज पाठवला आणि कोरा अर्ज समोर आला. पैसे भरले आणि पावतीऐवजी मुखपृष्ठ दिसले. या प्रत्येक वेळी बिघाड असतो तो पुसल्या गेलेल्या ओळींत. उरलेल्या ओळी ठणठणीत असतात, कारण शेवटचे पान व्यवस्थितच उघडलेले असते आणि त्याच्या नावापुढे २०० हा ‘सगळे ठीक’ सांगणारा आकडा उभा असतो.

साधने बनवणाऱ्यांना ही अडचण लवकरच कळली होती. जो हेविट यांनी २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी फायरबग आणले आणि पानाच्या पोटात डोकावण्याची सोय सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती आली. त्याच्या ‘नेट’ विभागात पुढे ‘पर्सिस्ट’ नावाचे बटण आले. क्रोम आला २००८ मध्ये. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत नेटवर्क विभागाच्या तळाशी एक काळा ठिपका असे. तो दाबला की लाल होई आणि मग पान बदलले तरी ओळी टिकत. ठिपक्यावर काहीच लिहिलेले नसल्याने अनेकांनी वर्षानुवर्षे त्याला हात लावला नाही, हे त्या काळी काम केलेला कोणीही कबूल करील. आता क्रोम, एज आणि सफारीत ‘प्रिझर्व्ह लॉग’ अशी सरळ चौकट असते, तिच्यात टिचकी मारून खूण करायची. फायरफॉक्समध्ये तीच सोय ‘पर्सिस्ट लॉग्ज’ या नावाने दातेरी चाकाच्या मेनूत ठेवलेली आहे.

खूण करण्याइतकेच ती कधी करायची याला महत्त्व आहे. हा लॉग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये असतो; ती उघडी नसताना जे घडले त्याची ओळ लॉगमध्ये येत नाही. बिघाड दिसल्यावर एफ१२ दाबणारा माणूस पंचनाम्याला उशिरा पोचलेल्या तलाठ्यासारखा असतो, पाणी ओसरून गेलेले असते. कन्सोलच्या विभागाला ओळी टिकवण्याची आपली वेगळी खूण आहे. नेटवर्कची केली म्हणून ती आपोआप होत नाही. शिवाय लॉग एका टॅबपुरताच असतो. बँकेचे पान वेगळ्या छोट्या खिडकीत उघडत असेल तर मूळ टॅबचा लॉग कितीही टिकवला तरी त्या खिडकीतले काही हाती लागत नाही. अशा खिडक्यांसोबत टूल्स आपोआप उघडावीत, अशी एक सोय क्रोमच्या सेटिंग्जमध्ये आहे, ती आधी चालू करावी लागते.

या खुणेची खरी गरज कळते ती भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या ऑनलाइन केंद्रावर. गावातल्या दुकानाला कोणी सेतू म्हणते, कोणी सीएससी, बहुतेक जण नुसते ‘ऑनलाइनवाला’ म्हणतात. एक संगणक, एक प्रिंटर, इन्व्हर्टर, बाहेर बाकड्यावर चार माणसे. सातबारा, धानाच्या नोंदणीची कागदपत्रे, शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज, सगळे याच टेबलावरून जाते. संकेतस्थळ अडले की बाकड्यावरच्यांना सांगायचे वाक्य ठरलेले असते: ‘सर्व्हर डाउन आहे.’ बऱ्याचदा सर्व्हर सुरळीत असतो, पण या वाक्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून ते टिकून आहे.

मोहाडी तालुक्यातल्या अशाच एका केंद्रावर परीक्षेचे अर्ज भरून घेणारे एक संकेतस्थळ अधूनमधून दगा देत असे. अर्ज पूर्ण होई, शुल्क कापले जाई, बँकेचा संदेशही येई, आणि पावतीच्या जागी लॉगिनचे पान उभे राही. पुन्हा आत गेले की अर्जापुढे ‘शुल्क बाकी’. पैसे आठ-दहा दिवसांनी परत येत, पण तोवर अर्जाची शेवटची तारीख निघून जाण्याची भीती, म्हणून विद्यार्थी दुसऱ्यांदा भरत. सगळ्यांच्याच बाबतीत असे होत नव्हते. दहातले सहा-सात अर्ज नीट जात. केंद्रावर बसणाऱ्या मुलाने यावर स्वतःचा निष्कर्ष काढला होता: मालक दुकानात असले की साइट चालते, नसले की चालत नाही. दिवाळीनंतर तर रोजच बिघडते.

संकेतस्थळ सांभाळणारा प्रोग्रामर नागपुरात बसे. त्याने हे ऐकून घेतले आणि हसण्यावारी नेले. त्याच्या टेबलावर बिघाड एकदाही झाला नव्हता. चाचणीचा अर्ज, चाचणीचे कार्ड, चाचणीचा ओटीपी, आणि पाऊण मिनिटात पावती. केंद्रावरच्या मुलाने त्याच्या सांगण्यावरून एफ१२ दाबून बिघाडाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात लॉगिनच्या पानाच्या वीसेक ओळी होत्या, सगळ्यांपुढे २००. या चित्रावरून कोणत्याही प्रोग्रामरने तेच उत्तर दिले असते: आमच्याकडे काही चूक दिसत नाही, तुमचे इंटरनेट तपासा.

पुढच्या खेपेस प्रिझर्व्ह लॉगची खूण करून सुरुवातीपासून अर्ज भरला गेला, आणि लॉग काही शे ओळींचा झाला. नवख्या माणसाची छाती दडपते ती इथे. छायाचित्रे, अक्षरांचे फॉन्ट, बँकेच्या पानावरची बटणे, वापर मोजणारी यंत्रे, सगळ्यांच्या ओळी एकात एक मिसळलेल्या असतात. अशा वेळी वरच्या पट्टीतून फक्त ‘डॉक’ हा प्रकार निवडायचा. मग केवळ पानांच्या ओळी उरतात आणि प्रवास दिसू लागतो. अर्जाच्या पानाने ‘शुल्क भरा’ पाठवले. तिथून पेमेंट गेटवेचे पान, मग बँकेचे, मग पुन्हा गेटवे. गेटवेने निकाल घेऊन संकेतस्थळाच्या परतीच्या पत्त्यावर पोस्ट पद्धतीने ब्राउझरला धाडले. त्या ओळीपुढे २०० नव्हते, ३०२ होते. तिच्याखाली लॉगिनचे पान, २००. आदल्या स्क्रीनशॉटमध्ये होते ते फक्त हे शेवटचे.

३०२ म्हणजे ‘तू मागतोस ते सध्या इथे नाही, अमुक पत्त्यावर जा’. ब्राउझर हा निरोप वापरणाऱ्याला दाखवत नाही. तो निमूट नव्या पत्त्यावर जातो. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यापासून हा आकडा आहे आणि तेव्हापासूनच त्याच्याविषयी गोंधळही आहे. पोस्टने पाठवलेल्या मजकुराला ३०२ मिळाले तर ब्राउझर पुढची मागणी गेट पद्धतीने करतात, म्हणजे सोबतचा मजकूर वाटेतच गळून पडतो. हाच व्यवहार मुद्दाम करायचा असेल तर ३०३ आणि मजकूर सोबत न्यायचाच असेल तर ३०७, असे वेगळे आकडे एचटीटीपी १.१ मध्ये आले; पण सवयीने ३०२ लिहिणारे प्रोग्रामर आजही कमी नाहीत. कोरा अर्ज पुन्हा समोर येण्याच्या काही तक्रारींचे मूळ या गळतीत सापडते, आणि ती गळती टिकवलेल्या लॉगमध्ये दोन ओळी एकाखाली एक दिसल्याशिवाय ध्यानात येत नाही.

इथे मात्र प्रश्न निराळा होता: परतीच्या पानाने लॉगिनकडे का धाडले? लॉग नागपूरला पाठवणे भाग होते. त्यासाठी सगळ्या ओळी एका फाइलीत उतरवण्याची सोय असते. तिचा प्रकार एचटीटीपी आर्काइव्ह, संक्षेपाने एचएआर. उच्चार ‘हार’ असाच होतो आणि मराठी कानाला त्यात फुले आणि पराभव दोन्ही ऐकू येतात. ही फाइल साध्या मजकुराची असते, कोणत्याही संपादकात उघडते, आणि म्हणूनच जोखमीची असते. टिकवलेला लॉग पानांची हद्द ओळखत नाही. त्यात अर्जातला आधार क्रमांक असतो, मोबाइल असतो, जन्मतारीख असते. बँकेचे पान त्याच टॅबमध्ये उघडले असेल तर तिथे टंकलेलेही असते, कधी उघड, कधी गुंडाळलेल्या रूपात. लॉगिनचे सेशन ओळखणारी कुकी हाती लागली तर परक्याला पासवर्डाशिवाय आत शिरता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टा या अमेरिकी कंपनीच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेत शिरलेल्यांनी नेमके हेच केले. ग्राहकांनी तक्रारीसोबत जोडलेल्या एचएआर फाइली त्यांनी उचलल्या आणि त्यातल्या सेशनच्या खुणा वापरल्या. त्यानंतर क्लाउडफ्लेअरने अशा फाइली धुऊन देणारे साधन काढले, आणि क्रोमच्या १३० व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, निर्यात करताना कुकी आणि ऑथरायझेशनचे मथळे आपोआप वगळले जाऊ लागले. अर्जात भरलेला मजकूर या धुण्यात निघत नाही, तो हाताने काढावा लागतो. केंद्रांच्या व्हॉट्सॲप गटात ‘कोणी बघून सांगा’ म्हणून अशी फाइल टाकणे म्हणजे गावातल्या पोरांची कागदपत्रे चौकात मांडणे होय.

मोहाडीहून गेलेली फाइल धुतलेली होती, तरी तिने एक गोष्ट दाखवली: वेळ. लॉगच्या प्रत्येक ओळीत मागणी केव्हा सुटली त्याची नोंद असते. सर्व्हरच्या उत्तरात ‘डेट’ नावाचा मथळाही येतो, ग्रीनिचच्या वेळेत. त्यात साडेपाच तास मिळवले की भंडाऱ्यातले घड्याळ मिळते. नागपूरच्या लॉगमध्ये गेटवेकडे जाण्यापासून परत येईपर्यंत पाऊण मिनिट लागले होते. मोहाडीच्या लॉगमध्ये चार मिनिटांच्या आसपास. तेवढ्या वेळात काय चालले होते, हे लॉग सांगत नाही. ते केंद्रावरच्या मुलाला विचारावे लागले. शुल्क मालकाच्या खात्यातून भरले जाई आणि ओटीपी मालकाच्या फोनवर येई. मालकाची तुमसरच्या धान बाजारात अडतही होती. दिवाळीनंतर नवे धान येऊ लागले की ते दिवसभर तिकडे. मग मुलाने फोन लावायचा, मालकांनी काट्यावरून बाजूला यायचे, चष्मा शोधायचा, सहा आकडे सांगायचे. मालक दुकानात असले की हेच काम अर्ध्या मिनिटात होई. म्हणजे मुलाचा निष्कर्ष अक्षरशः खरा होता. त्याला कारण तेवढे ठाऊक नव्हते.

पण चार मिनिटांनी असे काय बिघडते? सेशनची मुदत वीस मिनिटांची होती. उत्तर कुकीत असणार हा अंदाज होता, आणि धुतलेल्या फाइलीतून कुकीच तेवढ्या काढून टाकलेल्या होत्या. सुरक्षिततेची खबरदारी पुराव्यावरच आली, असे या कामात होते. न धुतलेली फाइल मागण्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे ती ओळ जिथे आहे तिथेच वाचून घेणे. ‘दादा, परतीच्या पोस्टवर टिचकी मार, उजवीकडे कुकीज आहे ते उघड, गाळलेल्या कुकी दाखव अशी चौकट आहे ती कर आणि काय दिसते ते वाच’, अशा बोलण्यावर बारावी झालेल्या मुलाने फोनवरून पिवळ्या रंगातली ओळ वाचून दाखवली. सेशनची कुकी ब्राउझरजवळ होती. त्याने ती पाठवली नव्हती. कारण म्हणून सेमसाइट हा शब्द तिथे लिहिलेला होता.

सेमसाइट हा कुकीवर लिहिण्याचा एक शेरा आहे. दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या मागणीसोबत ही कुकी द्यायची की नाही, ते तो ठरवतो. पूर्वी शेरा नसला तर कुकी सगळीकडे जाई. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून गूगलने हा शिरस्ता उलटवायला घेतला: शेरा नसेल तर ‘लॅक्स’ समजायचे, म्हणजे परक्या ठिकाणाहून पोस्टने आलेल्या मागणीला कुकी द्यायची नाही. कोरोनाच्या काळात आवश्यक सेवांची संकेतस्थळे अडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये बदल मागे घेतला गेला आणि जुलैत पुन्हा लागू झाला. पेमेंट गेटवे बहुधा पोस्टनेच परत पाठवतात, त्यामुळे एकाच फटक्यात असंख्य संकेतस्थळे बंद पडली असती. म्हणून क्रोमने तात्पुरती सवलत ठेवली: शेरा नसलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ झाला असेल, तर पोस्टसोबतही ती जाऊ द्यायची.

मोहाडीचे कोडे या दोन मिनिटांत होते. हे संकेतस्थळ शुल्काकडे पाठवताना सेशनची कुकी नव्याने देत असे, चांगल्या हेतूने, सुरक्षिततेसाठी. घड्याळ तिथून सुरू होई. दोन मिनिटांच्या आत परतलेल्याला ब्राउझर कुकीसह आत सोडी, उशिरा येणाऱ्याची कुकी अडवी; सर्व्हरला तो अनोळखी वाटे आणि ३०२ देऊन तो त्याला लॉगिनकडे धाडी. चाचणीच्या कार्डाला तुमसरला फोन करावा लागत नाही, म्हणून नागपुरात हा बिघाड घडणे शक्यच नव्हते. लॉग टिकवणे जितके गरजेचे, तितकेच तो बिघाडाच्या जागी घेणे गरजेचे, हे दुरुस्ती करणाऱ्यांच्या पचनी उशिरा पडते. कारण तिथे जाण्यात वेळ जातो आणि आपल्या टेबलावर सगळे चालताना दिसत असते.

टिकवलेल्या लॉगच्या मर्यादाही याच कामात दिसल्या. क्रोम मागच्या पानांच्या ओळी, मथळे आणि वेळा राखतो. उत्तरात आलेला मजकूर मात्र पान बदलल्यावर बऱ्याचदा टाकून देतो. गेटवेच्या पानाच्या ओळीवर टिचकी मारून ‘रिस्पॉन्स’ उघडले की तिथे मजकूर मिळू शकला नाही, एवढेच वाक्य दिसते. तो मजकूर हवाच असेल तर ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये मिटमप्रॉक्सी किंवा फिडलरसारखा मध्यस्थ बसवावा लागतो, आणि केंद्राच्या संगणकावर ते करणे शहाणपणाचे नाही. उलट काही ओळी अशा असतात की त्या फक्त टिकवलेल्या लॉगमध्येच दिसतात. ‘कॅन्सल्ड’ शेऱ्याच्या ओळी त्यातल्या. अर्जाचा कच्चा मसुदा साठवण्याची मागणी सुटते, तेवढ्यात ‘पुढे’ दाबून पान बदलते आणि ब्राउझर ती मागणी अर्ध्यावर सोडून देतो. वेगवान जोडणीवर मसुदा वेळेत पोचतो. लाखांदूरकडच्या एखाद्या गावात मोबाइलच्या दोन काड्यांवर पोचत नाही. एरवी ही ओळ जन्मते आणि त्याच क्षणी पुसली जाते.

दुरुस्ती लॉगपेक्षा लहान निघाली. कुकीवर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ असे दोन शेरे लिहिले असते तरी भागले असते, पण मग ती कुकी कोणत्याही परक्या ठिकाणाहून आलेल्या मागणीसोबत गेली असती. प्रोग्रामरने दुसरा मार्ग धरला. परतीचे पान आता कुकी मागत नाही. गेटवेने पाठवलेला व्यवहार क्रमांक आणि सही तपासते, गेटवेच्या सर्व्हरला थेट विचारून खात्री करते, शुल्क जमा म्हणून नोंदवते आणि ब्राउझरला ३०३ देऊन पावतीच्या पत्त्यावर पाठवते. ती पुढची मागणी गेटची असते, आणि पानच बदलत असेल तर गेटसोबत कुकी द्यायला लॅक्सची ना नसते.

त्याच केंद्रावर, मालक अडतीवर असताना, पुन्हा खूण करून लॉग घेतला गेला. ‘डॉक’ निवडल्यावर शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: परतीची पोस्ट, ३०३; पावती, २००. गेटवेच्या पहिल्या ओळीपासून या दोन ओळींपर्यंत सहा मिनिटांचे अंतर होते, कारण त्या दिवशी तुमसरला फोन लागायलाच वेळ गेला. मुलाने पावती छापली, लॉग पुसला आणि बाकड्यावरच्या पुढच्या माणसाला हाक मारली.